आई, बघ!

तुम्ही फोन उघडा, मी बसते, भाऊ, गप्प बसते. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही — थट्टा नाही करत, खरंच सांगते — आमचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, तेव्हा मी देवाला म्हटलं, त्याला वाचा दे, मी माझी देते. आणि दर बुधवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही. एक वर्ष आणि सात महिने. दूधवाल्याला बोटं दाखवायची, शेजारीण दारात आली की नुसतं हसायचं, सासूबाईंना वाटायचं सूनबाई रुसल्यात — वाटू दे. गल्लीतली मुलं त्याला मौनीबाबा म्हणायची. आणि एका बुधवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर पाठीमागून आवाज — "आई, बघ." काय बघ? तर कुंपणावर सरडा. सरडा हो! पोराचे जन्मातले पहिले शब्द, आणि मला ओ देता येईना, बुधवार ना! ओलं धोतर खांद्यावर तसंच, त्याला पोटाशी धरला आणि रडले बिनआवाजी. लोक म्हणतात, डॉक्टरांच्या औषधाने बोलला. म्हणू देत बापडे. माझा आपला साधा हिशोब आहे, भाऊ — जे मागायचं, ते आधी आपलं आपण सोडायचं.

हो, हो, पडद्याकडे बघा तुम्ही, माझ्याकडे नको. मी बोलते ते नुसतं कानाआड करा. फक्त दोन दिवस ठेवून जा असं म्हणू नका हो. एक तासही नाही ठेवता येणार. ह्या फोनवर नेत्रपेढीचा निरोप यायचाय — आमच्या ह्यांच्या डोळ्यांसाठी. आयुष्य लेथवर गेलं त्यांचं, कारखान्यात. सहा वर्षांपूर्वी कसलंसं गरम पाणी उडालं आणि दोन्ही बुबुळं पांढरी झाली, दुधाची साय धरते ना, तशी. आता मालकांनी चांगुलपणाने सकाळचं काम दिलंय, बोटांनी चाचपून नट-बोल्ट वेगळे करायचे. केसाएवढी चूक न करणारा माणूस, तो आता भिंत धरून न्हाणीघरात जातो. नेत्रपेढीत नाव लागून तीन वर्षं झाली. बुबुळ आलं की त्यांच्या त्या ॲपवर निरोप येतो आणि दोन तासांच्या आत 'येतो' म्हणून बटण दाबायचं. नाही दाबलं तर पुढच्याचा नंबर. बुबुळ काही थांबत नाही, भाऊ, तेही खरंच.

मग फोन चीनचा कशाला घेतला? सगळे हेच विचारतात! अहो, घेतला नाही, आणला — मुलाने. त्याच कारखान्यात आहे तो, नवीन मशीन शिकायला तीन आठवडे चीनला पाठवला होता. येताना बाकीच्यांनी स्वतःसाठी काय काय आणलं, ह्याने आईला फोन. "आई, तुझ्या जुन्या फोनवर ते ॲप चालत नाही ना, हा घे." आणि घरी आल्यावर कळलं, ह्यावर तर आपलं नेहमीचं ॲपचं दुकानच नाही! त्यांच्याकडची वेगळीच दुकानं, सगळी खिडक्या-दारांच्या चित्रांसारखी अक्षरं. आमच्या नणंदबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "चिनी माल! चालला तर चंद्रापर्यंत, नाहीतर दारापर्यंत!" पण पोरगं चिवट. नऊ दिवस कामावरून आला की फोन घेऊन बसायचा. ॲप कुठून तरी बाहेरून उतरवलं. ते उघडलं की चालायचं, पण फोन खाली ठेवला की झोपायचं — निरोप आत येऊन पडलेला आणि आवाज नाही! हा फोन म्हणे बॅटरी वाचवायला मागची ॲपं आपणहून बंद करतो. म्हणजे किती काटकसरी बघा, घरात माणूस आजारी आणि हा दिवे मालवत फिरतोय. शेवटी त्याने शोधून काढलं सगळं. फोनची भाषा बदलली तरी सेटिंगची दोन पानं चिनीतच राहिली होती, तर त्याने मला वहीत ती अक्षरं काढून दिली. ही बघा वही. ह्याला मी छत्री म्हणते. ही शिडी. आणि हा पावसात भिजलेला कुत्रा — हसू नका, बघा तरी, शेपटीतून पाणी गळतंय की नाही? छत्री, मग शिडी, मग निळं बटण — ते चालू, तर ॲप जागं. कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि ॲपवर छोटंसं कुलूप, म्हणजे फोन त्याला मारणार नाही. तिथे 'चाचणी' म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की खोटा निरोप येतो. त्या दिवशी त्याने दाबलं आणि फोन बोलला, त्याच्याच आवाजात — "आई, बघ!" त्याने आपला आवाज भरून ठेवला होता, फक्त ह्या ॲपपुरता. हे तर इतके हसले! मी मात्र पदर तोंडात धरला.

आता काय झालं? दहा दिवसांपूर्वी बुबुळ आलं. निरोप आला. कुणी 'येतो' दाबलं नाही. त्याच संध्याकाळी नेत्रपेढीचं पत्र ॲपवर आलं, आपला प्रतिसाद मिळाला नाही. हे म्हणाले, "जाऊ दे रे, यंत्र आहे, यंत्र फसतं, माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतो यंत्राला." पण नणंदबाई थोड्याच सोडतात? "भावाचे डोळे गेले ते गेले, आले असते ते पोराच्या हौसेने घालवले." तेव्हापासून तो बोलत नाहीये, भाऊ. कामाला जातो, येतो, ताटावर बसतो, मान हलवतो. दहा दिवस. काल नुसतं एवढंच म्हणाला — उद्या तो फोन दुकानात दाखव, मी सुटल्यावर येतो, काय बिघडलंय ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. म्हणजे तुमच्या तोंडून.

काय दिसतंय? ... नाही, दिसतंय ते सांगा ना. बटण बंद आहे. हो. कुलूप निघालंय. हो, हो. आणि आवाज करायची परवानगी काढून घेतलीय — ते कुत्र्यावालं, तेच ना? आपोआप नाही होत म्हणता? फोन आपणहून नाही करत असं? जुना झाला की, किंवा पडला की... पडला होता हो, एकदा, ओट्यावरून... नाही. नाही पडला. खोटं कशाला बोलू, तोंडाला सवय नाही. थोडं पाणी आहे का?

मीच केलं ते. ह्या बोटाने.

सांगते. तुम्ही काम करत राहा, तुमचा हात थांबला की माझा जीव थांबतो. सहा महिन्यांपूर्वी मी आणखी एक व्रत घेतलं. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं की फळ जातं. डोळे मागायचे तर काय सोडायचं? डोळेच ना! तर दर बुधवारी, हे आणि मुलगा कामावर गेले की डोळ्यांवर पट्टी बांधायची, ती कारखान्याचा बाराचा भोंगा होईपर्यंत सोडायची नाही. मऊ कापडाची चार पदरी पट्टी. तशीच झाडायचं, तशीच भाजी चिरायची — हे बघा, ही खूण, आणि ही. पहिल्यांदा पट्टी बांधली ना, तेव्हा मला कळलं हे न्हाणीघरात जाताना भिंतीशी काय बोलत असतील. देवाला काय मिळालं ठाऊक नाही, मला एवढं मिळालं.

तर तो बुधवार. मी तांदूळ निवडत होते, बोटांनी, ह्यांच्यासारखी. आणि फळीवरून आवाज आला — "आई, बघ!" चाचणी नव्हे, घरात दुसरं कुणी नव्हतंच. परत — "आई, बघ!" मी उठले. चाचपत गेले, फोन हातात घेतला, थरथरत होता, पाखरू धरल्यासारखा. हात पट्टीच्या गाठीपर्यंत गेला हो! आणि मनात आलं — देव परीक्षा बघतोय. चोवीस बुधवार झाले, पंचविसावा चाललाय, फळ दारात आलंय आणि नेमकं आताच मी वसा टाकू? आणि दोन तास आहेत की, तोवर भोंगा होईल, ज्याने निरोप धाडला तो वेळ नाही का सांभाळणार? पण भाऊ, डोळे बांधलेल्या माणसाला दोन तास म्हणजे किती, ते कळत नाही. मी फोन छातीशी धरून बसून राहिले. एकदा वाटलं, आता झालाच भोंगा. एकदा वाटलं, अजून पुष्कळ वेळ आहे. तो तीनदा बोलला. आई, बघ. आई, बघ. मग बोलला नाही.

भोंगा झाला, पट्टी काढली. निरोप सव्वानऊचा. पाऊण तास उशीर.

ओरडलात तरी चालेल. नाही ओरडत? पुढचं तर ह्याहून वाईट आहे. मनात एकच. आता मुलगा येईल, विचारेल, वाजला नाही का? आणि मी वही उघडली. छत्री, शिडी, आणि निळं बटण करडं केलं. कुलूप काढलं. म्हणजे वाटावं, फोननेच घात केला. फोनला काय, त्याला कुठे मन आहे? मी फोनवर ढकललं, पण फोन कुणी आणला, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही, देवाशप्पथ नाही आलं. ढकललं फोनवर आणि जाऊन पडलं पोरावर. आणि घाईत तो कुत्राही दाबला गेला, काहीतरी विचारलं त्याने त्या अक्षरांत, दोन बटणं होती, मी जाड अक्षरांचं होतं ते दाबलं. तेव्हापासून तर फोन खरंच मुका झाला. वही बघून सगळं उलट करून पाहते, आणि मुलगा यायच्या आत परत तसंच बंद करून ठेवते. रोज चाचणी दाबते, वीसदा, तीसदा. आवाज नाही. खोटं बोलायला गेले, ते खरंच झालं.

आणि आता नेत्रपेढीची बाई म्हणाली, ताई, तुमचं नाव ह्या महिन्यापुरतं वरच ठेवलंय, केव्हाही निरोप येईल. केव्हाही म्हणजे आत्ता, मी तुमच्याशी बोलतेय तेव्हासुद्धा! मुलाचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा करून घेतात, ह्यांना दिसत नाही, एका नावाला एकच फोन. रात्रंदिवस ॲप उघडं ठेवून पडद्याकडे बघत बसते. चार दिवस झाले, डोळे असे चुरचुरतात... बघा, मागितले त्यांचे आणि चाललेत माझे. हसायला नको, पण हसू येतं एकेकदा.

सगळं पुसून नव्याने भरू नका हो, त्यातला त्याचा आवाज जाईल. तो आता बोलत नाही, आहे तो एवढाच आहे माझ्याकडे. काही दुसरं जमतं का बघा. मी काय करू, नवस बोलू? सवयीने तोंडावर येतो. पण आता भीती वाटते. सोडायला उरलंय काय? बुधवारच सोडले मी. पट्टी त्या दिवशीच चुलीत घातली. देव रागावला असेल तर असो, पण मला आता असं वाटतं, भाऊ, तो त्या दिवशी दारात उभा राहून पोराच्या आवाजात सांगत होता, बघ म्हणून. आणि मी त्याचंच नाव घेऊन डोळे मिटून बसले होते.

काय? दाबू? मी? चाचणी? ... नको, तुम्हीच दाबा. पुन्हा आवाज नाही आला तर? बरं. बरं, दाबते.

...

बोलला! ऐकलंत? ऐकलंत ना तुम्ही? परत दाबू? — आई, बघ! — हो, बघतेय रे, बघतेय बाळा... थांबा, पदराने पुसते, तुमच्या काचेवर पडलं पाणी. भाऊ, तुमचे हात... काय म्हणू मी तुमच्या हातांना. कुत्र्यामागचं एकच बटण अडलं होतं? एकाच बटणापायी दहा दिवस!

वाजले किती? साडेपाच? म्हणजे सुटलाच तो. सायकल त्या पलीकडच्या खांबाशी लावतो नेहमी. भाऊ, ऐका, आता तो येईल आणि तुम्हाला विचारेल, काय बिघडलं होतं. तुम्ही त्याला — नाही, खोटं सांगा असं मी म्हणत नाही, माझ्या खोट्याची फळं पुरेत मला. फोनच खराब होता म्हणू नका. मी केलं असंही म्हणू नका. तुम्ही काहीच बोलू नका. तो विचारेल, तुम्ही मान खाली घालून तुमचं ते भिंग पुसत राहा. मी त्याच्यासाठी एक वर्ष आणि सात महिने तोंड बंद ठेवलं होतं, तुम्ही माझ्यासाठी पाच मिनिटं ठेवा, एवढंच मागते. कारण तुम्ही बोललात ना, भाऊ, तर मला बोलावं लागणार नाही, आणि मी भित्री आहे, मी तुमच्याच शब्दांच्या आडोशाला उभी राहीन. कुणीतरी गप्प राहिल्याशिवाय आमच्या घरात दुसऱ्याला वाचा फुटत नाही. तेव्हा मी गप्प राहिले आणि तो बोलला. आज तुम्ही राहा.

लावली सायकल. आला बघा. आता एक अक्षर नाही, भाऊ — धरा मौन.