पाहुण्यासाठी बुजवलेल्या फटी

घरातला गारठा घालवायला सरकारी मदत मिळते, तिच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांचं घर तपासायला माणूस उद्याच यायचा होता. पुढचं म्हातारं जोडपं कुजबुजत होतं. बाईंनी कान टवकारले.

“अर्ज नामंजूर. कारण लिहिलंय, ‘घरात कुठूनही वारा शिरत नाही.’”

“म्हणजे त्यांचं वारा मोजायचं यंत्र चुकलं?”

“यंत्र बिचारं काय करणार! तपासनीस यायच्या आदल्या दिवशी तूच सगळ्या फटींत चिंध्या कोंबल्यास ना?”

“मग? परक्या माणसाला काय घराची भोकं दाखवायची?”

“अगं, भोकं बघायलाच तर तो आला होता!”

“मला काय ठाऊक! ‘घर उत्तम ठेवलंय’ म्हणाला, तेव्हा मान तर तुम्हीच डोलावलीत.”

“मला वाटलं, पास झालो.”

“मग आता?”

“चिंध्या काढायच्या आणि त्याला परत बोलवायचं.”

“आणि तो म्हणाला, पंधरा दिवसांत घराची काय दशा केली या बाईनं, तर?”

मागे बाईंनी हळूच फोन लावला.

“सूनबाई, सकाळी मी फटींत कापडं कोंबली ना, ती सगळी उपसून काढ. का म्हणजे? उद्या पाहुणे येणार आहेत!”