सरळ भिंत

मेहुणा : दाजी, बसा हो जरा. पायाला भिंगरी लागल्यासारखे काय फिरताय? त्या कोपऱ्यातल्या आजीबाई दोनदा धडकल्या तुम्हाला.

दाजी : धडकल्या तर त्यांनी बघून चालावं. मला काय दिसतंय? डोळ्यांत थेंबावर थेंब ओतलेत. जवळचं सगळं धूसर झालंय.

मेहुणा : म्हणून तर ताईनं मला धाडलंय. हात धरून न्यायला-आणायला.

दाजी : तू काही हौसेनं आला नाहीस, माहीत आहे मला.

मेहुणा : हौस कशी असेल? महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. चार माणसांसमोर मला कामावरून हाकललंत. ताई रडली म्हणून आलो, नाहीतर तुमचं तोंड बघितलं नसतं.

दाजी : नको बघूस. मला तरी तुझं कुठं नीट दिसतंय!

मेहुणा : डोळ्याचा फोटो काढताना काय म्हणाल्या डॉक्टर?

दाजी : 'हलू नका, हलू नका.' बस. मग आणखी एका डॉक्टरला बोलावलं आणि दोघी मिळून माझा डोळा संगणकावर बघत बसल्या. दोघी बघतात म्हणजे काहीतरी असणार.

मेहुणा : कशावरून? आपण नाही का फरशी बघायला एकमेकांना हाक मारत?

दाजी : ती बिघडली की मारतो.

मेहुणा : पण तीळच आहे ना तो? ताई म्हणाली, चष्म्याचा नंबर काढायला गेलात तेव्हा सापडला.

दाजी : हो. उजव्या डोळ्याच्या पार मागं, पडद्याखाली. पाठीवर असतो तसाच काळा. तेव्हा म्हणाल्या, पुष्कळांना असतो, जन्मभर गप पडून राहतो. एखाद्याचा मात्र वाढायला लागतो. मग तो तीळ राहत नाही.

मेहुणा : मग काय होतो?

दाजी : काय होतो ते तुलाही कळतंय. उगाच माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.

मेहुणा : आणि तो चौकटींचा कागद? ताईनं फ्रिजवर चिकटवलाय बघा. रोज एकेक डोळा झाकून बघायचा होता ना?

दाजी : दिवसभर चौकटीच तर बघतो मी! टाइल्स बसवणाऱ्याला चौकटींचा कागद देतात, हसावं का रडावं? रेषा वाकड्या दिसल्या तर सांगा म्हणे. अरे, रेषा वाकडी असली तर सगळ्यांच्या आधी मला दिसते. आता ही समोरची भिंतच बघ. कुणा गाढवानं लावलीय कोण जाणे. पाण्याच्या कूलरवरचा टाइल्सचा सांधा बघ, मधेच खाली बसलाय.

मेहुणा : कुठं? सरळ तर आहे.

दाजी : तुझं सरळ मला माहीत आहे. शाळेच्या मोरीतली भिंतपण सरळच होती तुझी.

मेहुणा : होतीच. लेव्हल पट्टी लावून दाखवली होती तुम्हाला. बुडबुडा बरोबर मधोमध. तर म्हणालात, पट्टीच खोटी आहे.

दाजी : कारण मी डोळा लावून बघितलं होतं. मिसरूड फुटल्यापासून असंच बघतोय. डावा मिटायचा, उजवा सांध्याच्या रेषेत धरायचा. हे असं. पट्टी चुकेल एखाद वेळी, पण डोळा काही... थांब.

मेहुणा : काय झालं?

दाजी : गप जरा. दोन्ही डोळे उघडले की सांधा सरळ आहे.

मेहुणा : मग मघापासून मी काय सांगतोय?

दाजी : डावा मिटला की वाकडा.

मेहुणा : आता उजवा मिटा.

दाजी : राहू दे.

मेहुणा : मिटा ना, दाजी.

दाजी : सरळ आहे. दोरी धरल्यासारखा.

मेहुणा : आणि परत डावा मिटला की?

दाजी : मधे खड्डा. तुझ्या भिंतीत होता, अगदी तसाच.

मेहुणा : म्हणजे माझी भिंत सरळ होती.

दाजी : शिव्या घाल.

मेहुणा : शिव्या काय घालू? हातोडा तुमच्या हातात होता. तुमच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं माझं.

दाजी : ऐक. हे आत बोलायचं नाही. थेंबांमुळं होत असेल.

मेहुणा : त्या दिवशी कुठले थेंब होते?

दाजी : ओरडू नकोस, लोक बघतायत! वाकडं दिसतं म्हटलं की मला उचलून पलंगावरच टाकतील. मागच्या खेपेला सांगितलं होतं त्यांनी, डोळ्याच्या मागं किरणांची चकती टाचतात. तिळाचा बंदोबस्त होतो, पण नजरही जाते हळूहळू. मग मी काय करू? दारात खुर्ची टाकून येणारी-जाणारी मोजू?

मेहुणा : आणि नाही सांगितलं तर?

दाजी : तर बघू पुढचं पुढं.

(आतून हाक येते. दोघं तपासणीच्या खोलीत जाऊन डॉक्टरांसमोर बसतात.)

डॉक्टर : या, बसा. हे कोण?

दाजी : बायकोचा भाऊ.

डॉक्टर : स्पष्टच बोलते. तीळ मागच्यापेक्षा जाड झालाय. फार नाही, थोडा. त्याच्यावर पाण्याचा पातळ थरही दिसतोय. अगदी काठावरची गोष्ट आहे. तुमची काहीच तक्रार नसेल, तर आणखी काही आठवडे नुसतं लक्ष ठेवता येईल. पण नजरेत फरक पडला असेल, रेषा वाकड्या दिसत असतील, तर मी थांबणार नाही. दिसतात का?

दाजी : थेंब घातलेत ना, त्यामुळं सगळंच जरा...

डॉक्टर : थेंबांच्या आधी म्हणतेय मी. घरी कागद बघत होता ना?

दाजी : चौकटी बघतो की. रोजच बघतो.

डॉक्टर : आणि?

दाजी : आणि काय? बरं आहे.

डॉक्टर : अहो, तुम्ही का उठलात?

मेहुणा : मी बाहेर थांबतो. मला हे ऐकवत नाही.

दाजी : बस खाली.

मेहुणा : मला हाकललंत त्याचं काही नाही, मिळेल दुसरीकडे काम. पण घरी जाऊन ताईशी मी खोटं बोलणार नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर तिला तोंड कसं दाखवू?

दाजी : बस म्हटलं ना! मॅडम, मी एक भिंत पाडली.

डॉक्टर : काय केलंत?

दाजी : यानं लावलेली, अख्खी. टाइल्सच्या ठिकऱ्या ठिकऱ्या केल्या. मला वाकडी दिसली. पण सरळ होती ती.

डॉक्टर : कोणत्या डोळ्यानं बघितली होतीत?

दाजी : उजव्या. डावा मिटून. आमची बघायची रीतच ती.

मेहुणा : महिना झाला त्याला.

डॉक्टर : हे आज बोललात ते फार बरं केलंत. आता नीट ऐका. नाण्याएवढी चकती असते. भूल देऊन ती डोळ्याला मागच्या बाजूनं टाचायची, चार-पाच दिवस ठेवायची, मग काढून घ्यायची. तिच्या किरणांनी तीळ मरतो. नजर लगेच जात नाही. पण तुमचा तीळ मध्याला खेटून आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांत ती बरीच कमी होईल. खोटी आशा लावत नाही.

दाजी : आणि नाहीच केलं तर?

डॉक्टर : तर तो रक्तातून दुसरीकडे जाऊ शकतो. बहुतेक वेळा यकृतात. जाईलच असं नाही. पण गेला, तर मग प्रश्न डोळ्याचा राहत नाही.

दाजी : म्हणजे नजर द्यायची आणि बाकीचा मी ठेवून घ्यायचा.

डॉक्टर : दुसरा डोळा आहे तुमच्याकडे. अगदी ठणठणीत.

दाजी : तो अडाणी आहे, मॅडम. त्याला कधी काही शिकवलंच नाही. कामाच्या वेळी मिटूनच ठेवला.

डॉक्टर : शिकेल तो. वेळ लागेल, पण शिकेल.

दाजी : लेक लहान आहे माझी. सारखी गळ्यात पडते.

डॉक्टर : चकती असेपर्यंत तिला जवळ आणायचं नाही. सोबत एखादं मोठं माणूस ठेवा, तेही लांब बसेल असं.

मेहुणा : मी राहतो.

दाजी : तू नको. थोरला पोरगा येईल माझा. तू शाळेवर जा. पोरींची मोरी उघडी पडलीय महिनाभर.

मेहुणा : मला काढलंय ना पण?

दाजी : काढलं होतं. चुकलो मी. डोळ्याचं जाऊ दे, चार माणसांसमोर तुला बोललो ते चुकलोच. आणखी काय म्हणू?

मेहुणा : एवढं पुरे झालं.

दाजी : मॅडम, कधी करायचं?

डॉक्टर : याच आठवड्यात.

दाजी : करा.

मेहुणा : दाजी, घरी आलात की भिंत बघायला याल ना?

दाजी : नाही.

मेहुणा : आणि वाकडी गेली तर?

दाजी : तर पाड. पण ते तू ठरव, मला विचारू नकोस.