एकदाच विचारलं हो!

नाही, पण मी काय म्हणते, समोरच्या माणसाने 'नको' म्हटलं की लगेच ताटली दुसरीकडे सरकवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? एकदाच विचारलं हो... एकदाच! आणि मग खुशाल स्वतः खायला बसले!

थांबा, सुरुवातीपासून सांगते. आमची सलोनी. तिचं त्या कॅलमशी जमलं. मुलगा गुणी आहे, मागच्या विंटरमध्ये एटोबिकोच्या आमच्या घरचा अख्ख्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता फावड्याने उपसून गेला, आता जावई म्हणून याहून काय हवं? तर त्याचे आईवडील, गॉर्डन आणि फियोना, हॅलिफॅक्सहून यायचे होते, लग्नाचं बोलायला. म्हणजे आपली बैठकच की! मी म्हटलं, घरी बोलवू, पुरणपोळ्या करते. तर सलोनी म्हणते, "मॉम, दे वाँट टु मीट ॲट अ पब." पबमध्ये! लग्नाची बैठक! का, तर गॉर्डनने फियोनाला लग्नाचं तिथेच विचारलं होतं म्हणे. मी ह्यांना म्हटलं, "अहो, गुत्त्यात बसून सोयरीक जमवायची?" तर हे म्हणतात, "अरुणा, तिथे चिप्स फार छान मिळतात." वीस वर्षं कॅनडात काढून या माणसाने एवढंच मिळवलं!

गेलो. किपलिंग स्टेशनहून सबवे धरली, डाउनटाउनला उतरलो. तिथे त्या काचेच्या इमारती, वर बघून मान मोडेल, आणि त्यांच्यामधल्या एका बोळात, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखं, विटांचं एक बुटकं घर. हाच पब! आत पाऊल टाकलं तर काय... गालिचा! शेकोटी पेटलेली, भिंतीवर कुणाकुणाच्या आजोबांचे फोटो, एक म्हातारेबुवा कोपऱ्यात पेपर वाचताहेत. मला वाटलं, आलो आपण कुणाच्या तरी घरी... आणि मी बूट काढायला घेतले. आता कॅनडात कुणाच्या घरी गेलं की बूट काढतातच ना? एक निघाला, दुसऱ्याची चेन अडकली, तेवढ्यात सलोनी धावत आली, "मॉम! नो! मॉम!" आणि तिच्या मागे फियोना. विहीणबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते असं... एका पायावर!

बरं, बसलो. मी आपली वेटरची वाट बघतेय. पण पबमध्ये तशी पद्धतच नाही म्हणे, आपणच उठायचं, काउंटरवर जाऊन सगळ्यांचं आणायचं, मग पुढच्या खेपेला दुसऱ्याने उठायचं. गॉर्डन उठला. हा एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज गोड. "अरुणा, व्हॉट कॅन आय गेट यू?" मी म्हटलं, "नो नो, नथिंग." तो म्हणाला, "ऑल राइट!" आणि गेला! तुम्हाला सांगते, मला साधा संत्र्याचा ज्यूस हवा होता. पण एकदाच विचारलं हो... एकदाच!

आता तुम्हीच सांगा, पहिल्याच विचारण्याला कुणी 'हो' म्हणतं का? आमच्या मिरजेला असं कुणी म्हटलं असतं तर आठवडाभर गल्लीत चर्चा झाली असती, "बाई घरी जेवत नाही वाटतं!" आधी नको म्हणायचं. समोरच्याने म्हणायचं, "असं कसं, अर्धी तरी!" आपण म्हणायचं, "पोट भरलं हो." मग वाढणारी म्हणणार, "माझी शपथ आहे." तोवर आपला हात ताटावर आडवा, पण बोटांत फट ठेवायची! वाढणारीला फट दिसते. त्या फटीतूनच तर जिलबी पडते ताटात! हे काय शाळेत शिकवावं लागतं?

तर फियोनाने चिप्सची ताटली माझ्यापुढे धरली. जाडजूड बटाटे, गरम, वर मीठ... मी काळजीने सकाळपासून उपाशी! आणि माझं तोंड बघा, "नो नो, आय ॲम फुल." तोंड फुल म्हणतंय आणि पोट गुरगुरतंय! फियोना म्हणाली, "ओके!" ताटली गेली ह्यांच्याकडे. आणि हे? "येस प्लीज!" पहिल्या झटक्यात! शरम नाही काही. सगळं ताट साफ केलं आणि वर मला मराठीत सांगतात, "तुला नको होतं ना?"

हेही सोसलं असतं हो. पण मग फियोनाने बोलणं काढलं. म्हणाली, लग्न जूनमध्ये, हॅलिफॅक्सला, आमच्या चर्चमध्ये. आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "वुड यू लाइक युवर सेरेमनी टू?" म्हणजे तुमच्या पद्धतीनेही लग्न लावायचं का?

माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं हो! अंतरपाट, अक्षता, मुंडावळ्या... सलोनी चौथीत होती तेव्हा घेतलेली पैठणी कपाटात डांबराच्या गोळ्यांत वाट बघत पडलीय... आणि मी काय म्हणाले असेन? "नो नो, कशाला तुम्हाला उगीच त्रास!"

"ओह. ओके," फियोना म्हणाली, आणि केक व्हॅनिला की चॉकलेट, ते बोलायला लागली!

झालं! माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न त्या चिप्सच्या ताटलीसारखं पुढे सरकलं! मी आपली थांबलेय, आता पुन्हा विचारतील... मग विचारतील... गॉर्डन लॉबस्टरवर बोलतोय, हे माना डोलावताहेत. मी सलोनीकडे बघितलं. पोरगी ग्लासात बघत बसलेली. हळूच म्हणाली, "इट्स फाइन, मॉम." आणि नाक पुसलं.

म्हणजे तिलाही हवं होतं! तीही माझीच लेक, तीही विचारायची वाट बघत होती!

मग मी उठलेच. "येस!" अशी ओरडले की पलीकडे त्या डार्ट्सच्या गोल फळीवर बाण मारणाऱ्याचा बाण भिंतीत! "येस! आय वाँट! अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं! अँड... अँड चिप्स!"

फियोना घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणतेय. मग सलोनीने रडत-हसत त्यांना सगळं समजावलं, की आमच्याकडे पहिलं 'नको' धरायचं नसतं, पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि बोटांतली फटसुद्धा करून दाखवली. फियोनाने मला मिठी मारली. गॉर्डन विचारतो, मी किल्ट, म्हणजे तो त्यांचा चौकटींचा घागरा हो, घालून आलो तर चालेल? मी म्हटलं, "चालेल!" बघा, पहिल्याच विचारण्याला!

आता हे इथेच संपायला हवं होतं की नाही? पण गॉर्डन पुन्हा उठला. "अरुणा, अ पाइंट?" बीअर! मी म्हटलं, "नो." तो हसला. "अ स्मॉल वन?" "नो नो, रिअली नो!" तो फियोनाकडे बघून डोळा मारतो! मी हात आडवा धरला, बोटं अगदी घट्ट मिटून, वाराही जाणार नाही. तर फियोना वाकून माझ्या हाताकडे बघते आणि म्हणते, "आय सी अ गॅप!" आणि ह्यांनी काय करावं? "शी वाँट्स, शी वाँट्स!"

आला ग्लास. काळाकुट्ट, वर फेस. समोर नवे व्याही, तोंड वाकडं करायची सोय नाही. डोळे मिटून घेतला घोट... काडेचिराइताचा काढा बरा! कसाबसा संपवला, आणि गॉर्डन विचारतो, "अनदर?"

मी विचार केला, अरुणा, नको म्हटलं की हे आणतात. म्हणजे आता 'हो' म्हटलं तरच सुटका. म्हणून नम्रपणे म्हटलं, "येस."

तर गेला की आणायला! एकदाच विचारलं हो... एकदाच!