गंधकाचं पाणी

नाही हो, इकडे सरका, इकडे — तिथं नका पाय सोडू, त्या कोपऱ्यात झरा थेट खालून वर येतो, भाजेल — हं, इथं बरं. तर काय सांगत होते? आमचे हे. ते बघा, लेकीला पाठीवर घेऊन पोहतायत ना, टक्कल पडत चाललेले — तेच. आणि मानेपर्यंत पाण्यात बसून डोळे मिटलेल्या, त्या सासूबाई. कसं, सुखी कुटुंब! पण ताई, तुम्हाला म्हणून सांगते, कुठंतरी पाणी मुरतंय.

परवा जेवता जेवता एकदम म्हणाले, रविवारी गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊ. मी म्हटलं, तुम्ही? सुट्टीच्या दिवशी गादी न सोडणारा माणूस! कुणी सांगितलं या जागेबद्दल? तर म्हणे, ऑफिसात कोणीतरी बोललं. कोणीतरी म्हणजे कोण? नाव आठवत नाही! माझ्या भावानं कधी कुठला टोमणा मारला ते मात्र सगळं पाठ आहे. म्हणे आईचे गुडघे मोकळे होतील, पोरीला मजा येईल, तुलाही आराम — मला आराम, ऐकलंत? संसार झाला एवढा, माझ्या आरामाची आठवण आत्ता झाली? गोड बोलून कोण काय झाकतं, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

आणि मग ती अंगठी. चांदीची, बोटात रुतलेली, साबण लावल्याशिवाय निघत नाही — आज गाडीतच ओढून काढली आणि खिशात टाकली. का? तर या पाण्यात गंधक आहे, चांदी काळीठिक्कर पडते. पण हे ठाऊक कुणाला? जो एकदा येऊन गेलाय त्याला. नवखा माणूस चांदी घालूनच उतरतो आणि मग घरी घासत बसतो — तुमचं कडं बघा ना, पडलंच की काळं. दारात पाटी नाही, कुणी सांगत नाही. म्हणजे हे इथं आलेत. माझ्याशिवाय. कुणाबरोबर? तेच आज वदवून घेणार आहे, सासूबाईंसमोर, मग घर मोडलं तरी चालेल. अहो, मी माझी गळ्यातली चांदीची साखळी पर्समध्ये टाकते न टाकते, तोच यांची अंगठी खिशात, एवढी घाई —

काय? माझी साखळी? ती... तिचा फासा ढिला झालाय, पाण्यात पडली असती म्हणून. हो ना. छे, मी कशाला येईन आधी? एकटी कोण येतं अशा ठिकाणी — म्हणजे, कुणाबरोबरही नाही! तो झरा? तो दिसतोच की, बुडबुडे येतायत. नाही येत? मघाशी येत होते.

थांबा हं. साखळी मी आधी काढली. हे गाडीच्या आरशातून बघत होते. का काढतेस, असं विचारलं नाही. एका शब्दानं नाही. नुसती स्वतःची अंगठी ओढली, आणि आरशात बघत राहिले. माझ्याकडे. आणि एवढ्या जागा सोडून हीच — ऑफिसात कोण बोललं असेल हो?

भीती वाटतेय मला, ताई.

ते बाहेर आले पाण्यातून. इकडेच येतायत. — आले हो, टॉवेल आणते! — उठा तुम्ही. उठा म्हणते ना! आपण काही बोललो नाही. मी तुम्हाला ओळखत नाही.