समासातली माणसं

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपले परिवहन प्रमुख. प्रमुख पाहुण्या, आरोग्य विभागाच्या डॉक्टरबाई. व्यासपीठावरचे सन्माननीय अधिकारी. जिच्यासाठी आज कॅन्टीनच्या खुर्च्यासुद्धा या सभागृहात आणाव्या लागल्या ती आपली निवृत्त होणारी सत्कारमूर्ती, मोजणीताई. पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान आणि सूनबाई. आणि सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळ मुद्दाम माझ्याकडे तोंड करून ठेवलंय. नियोजन विभागाची माणसं वेळेचं नियोजन कसं करतात, याचा त्यांना अनुभव असावा.

ताईंचं खरं नाव इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. पंचवीस वर्षं त्यांनी या शहराच्या चौकांत वाहनं मोजली, म्हणून त्या मोजणीताई. घडीची खुर्ची, मांडीवर तक्ता आणि दोन्ही हातांत टिकटिक करणारी मोजणीयंत्रं. डाव्या हाताला स्कूटर, उजव्या हाताला मोटारी. कोणी पत्ता विचारला तर त्या मान न वळवता सांगायच्या आणि मोजणी चुकायची नाही. यजमान म्हणतात, घरी टीव्ही बघतानाही त्यांचे अंगठे हलत असतात. खरं ना? बघा, हसले.

तर तो तक्ता. तो मी आखलेला होता. मी नवा अधिकारी, हौस दांडगी. स्कूटर, मोटार, ट्रक, बस असे चार सुबक रकाने. ताई पहिल्याच दिवशी तो घेऊन माझ्याकडे आल्या.

"साहेब, स्कूटर गेली की एक टिचकी आणि बस गेली तरी एकच. मग बसमधल्या माणसांचं काय करू?"

मी म्हणालो, "ताई, आपण वाहनं मोजतो. माणसं मोजायला जनगणनावाले आहेत."

कचेरीतले सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या आणि चौकात जाऊन समासात पेन्सिलीने माणसं लिहू लागल्या. बसलेली माणसं खिडकीतून दिसतात. उभी असलेली कशी मोजायची? दांडीला धरलेले हात मोजायचे. शाळेच्या वेळी दर बसमागे चार वाढवायचे, कारण लहान मुलांचे हात दांडीला पोचत नाहीत. ही पद्धत मला याच आठवड्यात कळली. त्या काळात मी टंकलेखकाला सांगायचो, की समास सोडून बाकीचं उतरवा.

पुढे शहराने कार्बन उत्सर्जन कमी करायचं ठरवलं. धोरण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तोच तक्ता पुढ्यात घेतला. एक बस एका मोटारीच्या सहापट धूर सोडते. वाहनामागे हिशोब केला तर शहरातली सगळ्यात मोठी गुन्हेगार कोण? बस! त्या बसमध्ये पन्नास जण असतात आणि मोटारीत बहुधा एक, हे गणितात आलंच नाही. रकानाच नव्हता. आम्ही एकोणीस मार्ग बंद केले. कागदावर उत्सर्जन बारा टक्क्यांनी उतरलं. त्या मार्गांवरची माणसं आता कशाने जाणार? अहवालानुसार ती घरीच बसली होती. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते काच लावून भिंतीवर टांगलं.

त्या एकोणिसांपैकी एक मार्ग माझ्याच घरावरून जायचा. वर्षभरात आमच्या दारात दोन स्कूटर आणि एक मोटार आली. सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, तुमचा धूर उतरला म्हणता, मग या तीन गाड्या त्यात कुठे धरल्यात?" मी म्हणालो, ही घरगुती बाब आहे.

दोन वर्षांनी ताईंनी त्याच चौकात पुन्हा मोजलं. सकाळच्या तीन तासांत बस चौसष्टवरून अडतीसवर आल्या होत्या आणि स्कूटर एकवीसशेवरून एकोणचाळीसशेवर गेल्या होत्या. कागद माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, बसमधली माणसं गेली कुठेच नाहीत. एकेक करून स्कूटरवर आलीत. धूर वाढलाय."

मी म्हणालो, वाढ हंगामी असेल. कागद खणात गेला. महिन्याभरात ताईंची अभिलेख कक्षात बदली झाली. कारण दिलं गुडघेदुखीचं. ताईंचे गुडघे ठणठणीत होते. तो प्रस्ताव माझा होता. सहा वर्षं त्या तळघरात फायली झटकत राहिल्या आणि जिन्यात भेटल्या की मी विचारायचो, "काय ताई, बरं आहे ना?" त्या म्हणायच्या, "बरं आहे." मला त्याची लाज वाटते. ती आज इथे सांगायची होती, म्हणून मी हे भाषण मागून घेतलं.

या आठवड्याच्या सुरुवातीला ताईंनी कपाटांच्या किल्ल्या सोपवल्या. पंचवीस वर्षांचे मूळ तक्ते त्यांनी चौकवार बांधून ठेवलेत. म्हणाल्या, "येत्या सोमवारी आणखी अकरा मार्ग बंद करायची बैठक आहे म्हणे. तक्ता तोच आहे का?"

मी म्हणालो, तोच आहे.

"मग एकदा समास वाचा, साहेब. शुक्रवारनंतर मी सांगायला नसेन."

चार दिवस वाचला. माणशी हिशोब मांडला. बंद मार्गांवरच्या चौकांत धूर उतरलेला नाही, जवळजवळ पाचव्या हिश्शाने चढलाय. डॉक्टरबाई, तुमच्या दवाखान्यातली खोकल्याची रांग कुठल्या वस्त्यांतून येते, ते एकदा ताडून बघावं, ही विनंती. आज दुपारी मी लेखी दिलंय, की माझा अहवाल चुकीचा होता, अकरा मार्ग बंद करू नयेत आणि एकोणीस पुन्हा सुरू करावेत. ताईंचे तक्ते सोबत जोडलेत. अध्यक्ष महोदय, ते पत्र आपल्या समोरच्या फाइलमध्ये कार्यक्रमपत्रिकेच्या खाली आहे. ऐनवेळी दिलं, कारण आधी दिलं असतं तर आज मला बोलायला मिळालं नसतं.

संयोजकांचे, खुर्च्या देणाऱ्या कॅन्टीनचे आणि ताईंना रोज वेळेवर डबा देऊन धाडणाऱ्या यजमानांचे मनापासून आभार. बोलताना मानपानात, क्रमात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. अहवालातली चूक मात्र पोटात घालू नका. ती सोमवारी दुरुस्त करा, आणि कोणी विचारलं तर सांगा, की त्यावर सही माझी होती आणि ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.