डाव्या कानाला दोन खाचा

न्हाई न्हाई, तिथं पाय देऊन बगा खुशाल, हालत न्हाई ती फरशी. नवी बसवली म्हणून रंग येगळा दिसायलाय, दुसरं काही न्हाई. जुनी फुटली होती — हॉटेलात फरशी फुटायचीच हो, सिलेंडर आपटतेत, गंज-पातेली आपटतेत. तुमी असं करा केयूरराव, तुमच्या बाईसाहेबांला अगोदर भट्टीची बाजू दाखवा त्या फोनात. दिसायली का त्यांला? योगिनी म्हणला न्हवं नाव? रामराम बाई! — बोलली बगा, रामराम म्हणली. शिकलेली दिसती, पर रामराम म्हणली. ठिवा आता तो फोन काउंटरवर, त्या बरणीला टेकवा, अन् टेप सोडा, मी धरते हे टोक. बारा फूट रुंद, आत बावीस. मोजा तुमी, मी सांगितलेलं कशाला खरं धरता, मला शाळा न्हाई. पर मेंढरं मोजायला मला कुणाचं बोट लागत न्हाई — नजर टाकली की कळतंय कोण हाय अन् कोण न्हाई. कुऱ्हाड व्हय? अवो, भिऊ नका. पाला पाडायची हाय. धनगराच्या बाईच्या हातात कुऱ्हाड न्हाई तर काय पर्स असणार का? ठिवते खाली, मोजा तुमी.

जागंला नाव ठिवायला जागा न्हाई, ते मी सांगायची गरज बी न्हाई. देवगाव फाटा म्हणलं की तिन्हीकडून गाडी येती — मंठ्याकडून, जिंतूरकडून, सेलूकडून. लेण्या बगून नांदेडला निघालेली माणसं, औंढ्याला देवाला चाललेली माणसं, लेकराबाळाची, बाईमाणसाची — अन् बाईमाणसानं बसावं असं एक हॉटेल न्हाई हितं. समदे ढाबे. बाई गाडीतच बसती, नवरा बाहेर खातो. तुमी शाकाहारी म्हणला, फॅमिलीसाठी म्हणला — लय चांगलं. रस्ता मोठा झाला तवा आमचं रान गेलं, त्या पैशात मालकांनी हा गाळा बांधला, अन् शटरला रंग द्यायच्या आत गेले. रायभान नाव त्यांचं. किराया तुमी म्हणाल तो. हां — स्वस्त हाय. कामून स्वस्त हाय? दोन वर्सं बंद हाय म्हणून स्वस्त. कामून बंद हाय? — त्या चहावाल्यानं सांगितलं न्हवं तुमाला? तोंडावरून दिसायलंय की. त्याचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. भूत हाय म्हणला का? मंग काय म्हणला? — हां. ते खरं हाय. ते लपवून काय करू, तुमाला सेलूपस्तोर कुणी बी सांगंल. हितं खून झाला. माझ्या लेकानं केला. भागवतनं. परभणीच्या जेलात हाय तो, दोन वर्सं झाली, परवा तारीख हाय. बसा. न्हाई, बसा, पाणी देते. पळून गेल्यावाणी जाऊ नका, जागंचा काय कसूर?

अवधूत नाव त्याचं, माझ्या पहिल्या किरायदाराचं. परभणीचा, बाप हापिसात कारकून, पोरानं बी खुर्चीवर बसावं म्हणून बापानं जिवाचं रान केलं, अन् पोरगं काय म्हणतंय, मी मटणाचं हॉटेल टाकणार! गाढवाला गुळाची चव काय — त्याला बोकड कळंना का मेंढी कळंना, दात बगायचं मालूम न्हाई, पाठीला हात लावून बगायचं मालूम न्हाई. पर हाताला चव होती. खरं ते खरं. मला मावशी म्हणायचा. बायको हेमा, चार महिन्याची पोटुशी होती तवा, ती यायची इतवारी, हितं गल्ल्यावर बसायची. मला डब्यात वरण द्यायची — मावशी, तुमी मेंढरंवाल्या, तुमी मटण विकत घेऊन खाल का, म्हणायची, अन् हसायची. गुणाची पोरगी. आता माझ्या सावलीला उभी ऱ्हात न्हाई. कोर्टात भेटती. लेकरू कडंवर असतंय.

अन् तवाच मेंढरं कमी व्हायला लागली. एक गेलं, म्हणलं लांडगा. दुसरं गेलं — लांडगा हाड तरी सोडतोय, रगत तरी सांडतोय, हितं मेंढरांभवतीची वाघूर जशाला तशी, जाळीला एक तार तुटलेली न्हाई. तीन महिन्यात अकरा! भागवत म्हणायचा, आई, रातचं मी जागतो, तू नीज. जागायचा बी तो. अन् सकाळी एक कमी. तुमाला सांगते, लेकरू मेल्यावर माणूस रडतंय तरी, मेंढरू गेल्यावर रडायला बी लाज वाटती. मी प्रत्येकीला नावानं वळखायची. कोकरू आठ दिसाचं झालं की मीच मांडीत घेते अन् कान कापते — डाव्या कानाला दोन खाचा. ही आमच्या घरची खूण. माझ्या सासूची होती, तिनं मला दिली. पाच कोसात दुसऱ्या कुणाची तशी खूण न्हाई. रगत येतं थेंबभर, हळद लावते, सोडून देते. मंग ते मेंढरू कुठं बी जावो, जालन्याच्या बाजारात जावो, कान बघितला की सुगंधाबाईचं.

अन् एक दिवस माझं कुत्रं तोंडात काहीतरी धरून आलं. सोड म्हणलं, सोडंना. जबडा फाकवून काढलं — कान! डावा. दोन खाचा. भाजलेला न्हाई, शिजलेला न्हाई, ताजा, लव तशीच. मी कुत्र्याच्या मागं मागं गेले — कुठं गेलं असंल? हितं. ह्याच गाळ्याच्या मागं, ते लिंबाचं झाड हाय न्हवं, त्याच्या बुडाशी खड्डा. त्यात मुंड्यांची कातडी, खुरं, अन् कान. मी बसून निवडले. माझे चार निघाले. चार! माझा गाळा, माझी भिंत, मला मावशी म्हणणार, बायकोच्या हातचं वरण खाऊ घालणार, अन् माझीच मेंढरं माझ्याच भिंतीआड कापणार! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, तशी गत. डोक्यात असा जाळ झाला का, तुमाला सांगते केयूरराव, मला दिसंना. नुसतं तांबडं दिसायलं.

मंग — मंग भागवतला सांगितलं. भागवतचं डोकं गरम, बापावर गेलेलं. चतुर्थी होती त्या दिवशी. दुपारचं तीन वाजलं असतील, मटणाला गिऱ्हाईक न्हाई, आचारी सेलूला बाजारला गेलता. अवधूत हितं, भट्टीपुढं, वाकून कढई घासायला होता, पाठ रस्त्याकडं. भागवतनं कान टाकले त्याच्या पुढ्यात — ही कुणाची खूण रे? तो म्हणतो, कशाची खूण मावशी? — म्हणजे भागवतला म्हणला, कशाची खूण. अन् हसला. ते हसू नडलं. पहिला घाव खांद्यावर बसला. माणसाचं हाड बाभळीवाणी नसतंय. बाभळीत कुऱ्हाड बसली तर टणकन सुटून येती, माणसात आत जाती अन् अडकती. पाय लावून वढावी लागली. तो वरडला न्हाई, नुसतं व्हं व्हं करायला, कढईवर हात टेकून उभं ऱ्हायला बगायला. दुसरा घाव चुकला, ह्या काउंटरला लागला — हे बगा, हे, हितं बोट घाला, दोन पेरं जातंय. चुकला कामून, तर पदर पायात आला. तिसरा मानंवर. रगत तापल्या भट्टीवर उडालं, चर्रर वाजलं, अन् जो वास सुटला — मटणाच्या हॉटेलात तसला वास मी कंदी घेतला नव्हता. चौथ्याची गरज नव्हती. चौथा मारला. पाचवा बी मारला. फरशी त्यानं फुटली.

काय? — काय म्हणला?

पदर. हां, पदर म्हणले मी. माझाच. मी सोडवायला गेलते न्हवं मधी, तवा पायात — अवो, आई हाय मी, सोडवायला जाणार न्हाई का? — तुमी असं बगू नका माझ्याकडं. मावशी कुणाला म्हणला? मलाच म्हणायचा की तो, भागवतला कशाला मावशी म्हणंल! — मंग कळलं तुमाला. कळू दे. दोन वर्सं झाली, एका माणसाला कळलं न्हाई, पोलिसाला न्हाई, वकिलाला न्हाई, अन् तू टेप घेऊन आला अन् तुला कळलं. कुठं निघाला? बस खाली. बस म्हणते ना! आता अर्धं ऐकून जायचं न्हाई.

म्याच मारलं. म्या. ह्या हातानं. भागवत मागून आला, गाडी उभी केली त्यानं, हेंडल हातात तसंच, अन् बगत ऱ्हायला. मी म्हणलं, चोर मारला रे, आपला चोर मारला, बग हे कान. अन् माझा लेक काय म्हणतो? आई, मीच इकली. अकराच्या अकरा मीच इकली. ह्याला मालूम बी न्हाई कुणाची हायत ते, मी म्हणलं बाजारातून आणली. — कुंपणानंच शेत खाल्लं! कामून इकली? तर लग्नासाठी. मेंढरामागं फिरणाऱ्याला पोरगी कोण देतंय आता? सेलूची ती दीपिका, तिच्या बापानं म्हणलं, पोराचं नाव पाटीवर पाहिजे. म्हणून मेंढरांच्या पैशात ह्या हॉटेलात भागीदारी. ती पाटी बी झालती रंगवून, ती बग, भिंतीला तोंड करून ठिवलीय — पोलिसानं वाचून दाखवली मला, अवधूत अन् भागवत, दोघांची नावं. पाडव्याला लावणार होते, मला अचंबा करणार होते. अन् मी अक्कलशून्य — अरे, चोर असता तर कान जाळले नसते का त्यानं? उघड्या खड्ड्यात टाकले असते का? ज्याला खूण म्हणजे काय तेच मालूम न्हाई, तो काय लपवणार? हसला तो, कारण त्याला खरंच कळलं न्हाई. मी त्याचं हसू कापलं. हेमाचा माणूस कापला.

भागवतनं कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली. दांडा आपल्या सदऱ्याला पुसला, मंग सदरा रगतात बुडवला, असा, धुणं बुचकाळल्यावाणी. मला म्हणला, तू वाडग्याकडं जा आई, मेंढरं उपाशी हायत. अन् मी गेले. गेले ना! लुगडं वढ्यात धुतलं अन् मेंढरं सोडली. लोकं म्हणतेत, मायचा जीव तुटत असंल. कशाचा? पहिले सहा महिने मला राग होता. अकरा इकली, भोग म्हणलं. घरचा चोर, भोग! मंग राग निवला, अन् मागं भेव ऱ्हायलं. खरं सांगते, भेले मी. दर तारखेला जाते, मागं उभी ऱ्हाते, म्हणते आज बोलायचं. तो लांबून मान हालवतो — न्हाई. अन् माझं तोंड मिटतं. मला बरंच वाटतंय त्यानं मान हालवली की. ऐकलं? बरं वाटतंय. अशी आई हाय मी.

झालं. आता जा. तू काही ऐकलं न्हाई अन् मी काही बोलले न्हाई, तू एकला, मी एकली, कोण कुणाचं खरं धरंल? टेप गुंडाळ. — ती बरणी कामून चमकायली? ते काय हाय? — त्यात बाई अजून हाय व्हय? मला वाटलं रामराम झाला अन् बंद झाला. बंद केला न्हाई तू? कवापासून — समदं? पदराचं बी? रडायली ती. सरक. सरक म्हणते बाजूला, मला माहीत हाय हे कसं फुटतंय, एक घाव लागतो ह्याला, सरक, न्हाईतर तुझ्यासंगट —

...

न्हाई. ऱ्हाऊ दे. घे, ही कुऱ्हाड तूच धर जराशी. हेमा बी अशीच रडती, कोर्टात.

बाई. ऐकायली का? रडू नका, तोंड पुसा. परवा तारीख हाय, परभणीला, साडेअकराला. तिथं कुणाला सांगावं लागतंय ते मला मालूम न्हाई, तुमाला मालूम असंल. तुमीच सांगा. आत्ता बोलायले, परवापस्तोर भेव परत यील, अन् मी परत गप बसंन — मला माझा इस्वास न्हाई. तो पोरगा लांबून मान हालवंल, न्हाई म्हणून. त्याच्याकडं बगू नका तुमी. अन् हेमा तिथंच बाकड्यावर असती, लेकरू घेऊन. अगोदर तिला सांगा.

तुमी बाहेर व्हा केयूरराव. जागा द्यायची न्हाई मला, तुमाला बी न्हाई अन् कुणाला बी न्हाई. कुऱ्हाड तिथं ठिवा. मी शटर वढते. जावा आता, मेंढरं यायची येळ झाली.