तुचीनसमोर आरती

हिमानी: आई, बेल्ट लावा ना. गाडी किती वेळ टुंग टुंग करतेय.

सरलाबाई: लावलाय.

हिमानी: तो तुमच्या पर्सचा पट्टा आहे.

सरलाबाई: ...घे, लावला. चल आता इथून.

हिमानी: निघू या, काचेवरचा बर्फ जरा वितळू दे. काय मस्त झाला ना प्रोग्राम? म्हणजे मला एक अक्षर कळलं नाही, पण माणूस काय दिसतो अजून. ऐंशीचा असेल ना? बफलो ग्रोव्हचे झाडून सगळे रशियन आले होते आणि अख्खा हॉल तुमच्यासाठी टाळ्या वाजवत होता. मी फोटो काढलेत. घरी गेल्या गेल्या यतीनला मेल करते. बघू दे तुमच्या लेकाला, आई काय चीज आहे ती.

सरलाबाई: ते फोटो पुसून टाक.

हिमानी: पुसू? का?

सरलाबाई: त्या कोटवाल्या बाईला कोणी सांगितलं, मी गायिका आहे म्हणून?

हिमानी: अं... डावीकडून कोणी येतंय का बघता जरा?

सरलाबाई: कोणी येत नाहीये. मी काय विचारतेय?

हिमानी: मी सांगितलं.

सरलाबाई: वाटलंच मला.

हिमानी: ऐका तरी. हाउसफुल होतं. ती बाई दारात हात आडवा करून उभी. तुम्ही मागे बुटांवरचा बर्फ झटकत होतात. मी म्हटलं, माझ्या सासूबाई इंडियातून आल्यात. तिला काही फरक पडला नाही. म्हटलं, त्या सीनियर सिटिझन आहेत. तर म्हणे, आत सगळे सीनियरच आहेत. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, की त्या सिंगर आहेत. बॉम्बेच्या फेमस सिंगर. लगेच दोन खुर्च्या आल्या ना पण?

सरलाबाई: बॉम्बेच्या. निदान पुण्याची तरी म्हणायचंस.

हिमानी: पुणं कोणाला माहितीय इथे?

सरलाबाई: आणि तिकिटं आधी का नाही काढलीस? डेव्हॉनच्या बाजारात भाजी आणायला गेलो होतो, तेव्हा त्या रशियन वाण्याच्या काचेवरची जाहिरात मी मागून आणली. तुझ्या फ्रिजवर चिकटवली. रोज दूध काढताना तुला दिसत होती ती.

हिमानी: आई, आपल्या मराठी मंडळात कोण आधी तिकीट काढतं? दारात मिळतं. उलट लोकांना फोन करकरून बोलावतात, की या, जागा आहे, श्रीखंडही उरलंय. मला काय माहीत यांच्यात हॉल भरतो?

सरलाबाई: ग्लेब अर्कादयेविच तुचीनसारखा नट येणार म्हटल्यावर हॉल भरणार नाही?

हिमानी: बरं, चुकलं. पण तुम्हाला त्या तुचीनकाकांना भेटायचं होतं ना? भेटलात. त्यांनी तुमचा हात हातात घेतला, नमस्कार केला, हिंदी गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. बाकीचे लोक सहीसाठी रांगेत ताटकळत होते.

सरलाबाई: काका म्हणू नकोस त्यांना.

हिमानी: मग काय म्हणू?

सरलाबाई: आणि गाण्याचं कौतुक मला सांगू नकोस. तिकडच्या त्या पिढीने हिंदी सिनेमावर जीव टाकला होता. भारतातलं माणूस दिसलं की पहिलं गाणं सुरू. मी तरुणपणी सहा महिने मॉस्कोत होते शिकायला. भाजीवाली गायची, ट्रामवाला गायचा, आमच्या वसतिगृहाची रखवालदारीण गायची. मी काही विचारायला तोंड उघडलं की ती नाचून दाखवायची. मला हिंदी सिनेमा आवडत नाही, हे रशियनमध्ये कसं म्हणायचं, ते मी तिथे सगळ्यात आधी शिकले.

हिमानी: हा हा, सॉरी. हसायला नको, पण.

सरलाबाई: हस. सगळा हॉल हसला, तूही हस. मला ती कोटवाली स्टेजवर ओढत काय नेते, 'भारताची कोकिळा' काय म्हणते. मी म्हटलं, ग्लेब अर्कादयेविच. तेवढंच. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि हा माणूस गायला लागला. लोकांनी ठेका धरला. मग म्हणतो, आता तुम्ही. मी मान हलवली तर त्यांना वाटलं, लाजतेय.

हिमानी: पण तुम्ही म्हटलंत की. छान म्हटलंत.

सरलाबाई: गणपतीची आरती म्हटली मी, हिमानी.

हिमानी: हो, मला कळलं ते.

सरलाबाई: दुसरं काही येतच नाही मला अख्खं पाठ. समोर तुचीन उभा, आणि मी आरती म्हणतेय, आणि तो टाळ्या वाजवतोय. तेही बरोबर तालात. लाजेने मेले मी. आणि म्हणून झाल्यावर पुढचा माणूस सही घ्यायला आला. संपलं.

हिमानी: आई, मी पण सांगू एक? मी आज ऑन-कॉल आहे. रविवार आहे, निधीला दीपाकडे ठेवलंय, यतीन तिकडे प्लेनोला क्लायंटकडे. पन्नास मिनिटं बर्फातून ड्राइव्ह करून आणलं तुम्हाला. तुम्हाला दारातून परत न्यावं लागू नये म्हणून खोटं बोलले. मला वाटलं, तुमचा आवडता हीरो आहे, जवळून बघायचंय. आमच्या मम्मीला कसं, तिच्या हीरोचा ऑटोग्राफ मिळाला तर ती वर्षभर नाचेल. तुम्ही तर असं तोंड केलंय, जसं मी तुमचं काहीतरी तोडलं.

सरलाबाई: हीरो बघायला नव्हते आले मी.

हिमानी: मग कशाला आला होतात? तुम्ही सांगितलंच नाही काही. यतीन एवढंच म्हणतो, आई कुठली तरी लँग्वेज शिकवायची.

सरलाबाई: कुठली तरी.

हिमानी: त्याला माहितीय रशियन. पण म्हणतो असंच.

सरलाबाई: म्हणू दे. त्याची काय चूक? तो कॉलेजात गेला तोवर माझ्या वर्गात चार डोकी उरली होती. तिकडे देश मोडला आणि इकडे माझी भाषा बंद पडली. माझ्या खोलीवर जपानीची पाटी लागली. मला म्हणाले, बाई, तुम्ही लायब्ररी सांभाळा. निवृत्तीपर्यंत मी पुस्तकांना खळ लावत होते.

हिमानी: हे मला माहीत नव्हतं.

सरलाबाई: त्याआधी जागा पुरायची नाही. कारखान्यांतले इंजिनिअर यायचे, तिकडे ट्रेनिंगला जायचं असायचं त्यांना. डॉक्टरकी शिकायला जाणारी पोरं यायची. पुस्तकं होती, पण कानाला काय देणार? माझे स्वतःचे उच्चार पुणेरी. पुण्यात तेव्हा रशियन सिनेमे दाखवायचे फुकट. मी शालीखाली टेपरेकॉर्डर लपवून नेला आणि तुचीनचा एक प्रवेश उतरवून आणला.

हिमानी: तुम्ही? पायरसी?

सरलाबाई: म्हण काय म्हणायचं ते. स्टेशनवरचा प्रवेश आहे. बर्फात गाडी अडकलीय, आणि तो बाकावर बसून एका अनोळखी म्हातारीला सांगतो, की तो घरी का जात नाहीये. एवढंच. पण बोलतो कसा. प्रत्येक वाक्यात महत्त्वाच्या शब्दाआधी जरासा थांबतो. शोधल्यासारखा. आणि मग तो शब्द अगदी हळू ठेवतो.

हिमानी: हां, आज पण करत होते ते. मला वाटलं, वयामुळे विसरतायत.

सरलाबाई: नाही. आधीपासूनच. ती टेप मी वर्षानुवर्षं लावली. आठवड्यातून तीन दिवस, तास सुरू झाला की पहिला तुचीन. मुलं त्याच्यामागून म्हणायची. मध्ये प्रेक्षकांतला कोणीतरी खोकलाय, तर मुलं तिथे खोकायचीसुद्धा. आणि सगळे थांबायला लागले, हिमानी. महत्त्वाच्या शब्दाआधी. आमचा एक त्र्यंबक म्हणून होता, चाकणकडचा, पोलादाच्या कारखान्यात तिकडे गेला. परत आल्यावर सांगत होता, तिथल्या फोरमनच्या बायकोने विचारलं, तू आमच्या तुचीनसारखा कसा बोलतोस रे?

हिमानी: ओ.

सरलाबाई: हे सांगायचं होतं त्यांना. की पुण्यात एका खोलीत तुमचा आवाज होता. तिथून माणसं तुमच्यासारखी बोलत बाहेर पडली. त्यांना माहीतच नाही. कसं माहीत असणार? या वयात परत ते इकडे येणार नाहीत, आणि मी तिकडे जाणार नाही. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपला की मी घरी. तीन आठवडे वाक्य तयार करत होते मी. अंघोळ करताना म्हणून बघत होते. निधी बाहेरून विचारायची, आजी, आर यू ओके.

हिमानी: मला आधी का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी त्या बाईला हेच सांगितलं असतं ना.

सरलाबाई: कोणी विचारलं होतं? तुमच्या घरात मी भाजी निवडते, निधीला बसवर सोडते. त्याबद्दल तक्रार नाही माझी. पण आज एक दिवस मला बाई म्हणून उभं राहायचं होतं कोणासमोर तरी. शिकवणारी बाई. तर तू मला गायिका केलंस. राग आलाय मला तुझा. स्वतःचाही आलाय. आरती म्हणायची काय गरज होती मला? गप्प तरी बसायचं.

हिमानी: सॉरी, आई.

सरलाबाई: राहू दे. पुढे बघून चालव.

हिमानी: नाही, थांबा. मी इथे गॅस स्टेशनवर घेते गाडी.

सरलाबाई: पेट्रोल आहे की.

हिमानी: पेट्रोल नकोय. त्या बाईचा नंबर आहे माझ्याकडे. दुपारी हॉलचा पत्ता विचारायला मी फोन केला होता तिला. प्रोग्रामनंतर सगळे तिच्या घरी जेवायला जाणार, असं म्हणत होती ती. तुचीन पण असतील तिथेच.

सरलाबाई: काही नको. जेवताना कोणी फोन करतं का? आणि त्यांना काय, आरतीवाली बाई पुन्हा आली. मी बोलणार नाही, सांगून ठेवते.

हिमानी: रिंग जातेय.

सरलाबाई: हिमानी, बंद कर तो.

हिमानी: उचलला. रशियनमध्येच बोलतेय कोणीतरी, मला येत नाही. घ्या.

(सरलाबाई फोन घेतात. ताठ बसून रशियनमध्ये बोलू लागतात. हिमानी हीटरचा आवाज कमी करते.)

हिमानी: ...झालं? ठेवला?

सरलाबाई: ठेवला त्यांनी.

हिमानी: कोण होतं? ते होते का?

सरलाबाई: आधी ती कोटवाली होती. तिला म्हटलं, ग्लेब अर्कादयेविचना फोन दे, त्यांच्याशी काम आहे. वर्गात बोलायचे तशी बोलले. दिला तिने मुकाट्याने.

हिमानी: तिने ओळखलं नाही तुम्हाला?

सरलाबाई: नाही. त्यांनीही नाही.

हिमानी: मग? आई, बोला ना, मला टेन्शन येतंय.

सरलाबाई: मी म्हटलं, मी रशियनची शिक्षिका आहे. तुमचा स्टेशनवरचा प्रवेश मी मुलांना शिकवला, माझ्या सगळ्या मुलांना. मग म्हणाले, तो प्रवेश कोणाच्या लक्षात नसतो, लोकांना माझे भांडणाचे प्रवेशच आठवतात. मला म्हणाले, सगळ्या कामात मला तोच एक बरा जमला होता.

हिमानी: वाव. म्हणजे पोचलं की.

सरलाबाई: मग म्हणाले, तुमची भाषा ऐकून बरं वाटलं, इथली आपली माणसं आता अर्धं इंग्रजी बोलतात. तुम्ही मूळच्या कुठल्या?

हिमानी: अय्यो. त्यांना वाटलं, तुम्ही रशियन आहात?

सरलाबाई: हो.

हिमानी: मग तुम्ही सांगितलंत ना, पुण्याच्या म्हणून?

सरलाबाई: नाही.

हिमानी: अहो आई, तेच तर सांगायचं होतं ना तुम्हाला?

सरलाबाई: तेच सांगायचं होतं. पण भारत म्हटलं असतं तर तो माणूस परत गायला लागला असता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी नुसतं बोलत होतं, हिमानी. नाही धीर झाला माझा.

हिमानी: मग काय म्हणालात?

सरलाबाई: म्हटलं, आमचं गाव लांब आहे, तुम्हाला नाव माहीत नसेल. तर म्हणाले, असं कसं, मी गावोगाव फिरलोय, तुमच्याकडेही येऊन गेलो असेन.

हिमानी: आणि तुम्ही?

सरलाबाई: मी म्हटलं, हो, यायचात. आठवड्यातून तीन दिवस.

हिमानी: ...मग?

सरलाबाई: हसले ते. त्यांना वाटलं, मी गंमत केली. तेवढ्यात कोणीतरी जेवायला बोलावलं त्यांना.